महाद्वारातले गुरुजी



काही वर्षांपूर्वी पुण्यात एका सप्ताहात माझे गुरुपौर्णिमेचे कीर्तन होते. निरूपण गुरुमहिम्याचे. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून घेत पाया पडून जात होती. त्यात आठवी-नववीतला एक मुलगा आला आणि त्याने विचारले, "बुवा, शाळेतल्या सरांना गुरू म्हणायचं का?" मी पाठ असलेले उत्तर दिले. विद्यागुरू निराळा, मोक्षगुरू निराळा. मान दोघांनाही द्यावा, पण माळ घालून अनुग्रह देणाऱ्याचा अधिकार वेगळा. शास्त्राला धरून पाहिले तर यात चूक काही नाही. मुलगा पाया पडून गेला. मी वीणा खुंटीला लावली, घरी आलो, आणि अंथरुणावर पडल्यावर माझे मलाच वाटले की आपण त्या पोराला फसवले. कारण माझ्या आयुष्यात मला जे खरोखर शिकवले गेले त्यातला एक धडा शाळेतल्या एका मास्तरांनी दिला होता, आणि तो धडा त्यांच्याही आधी एका मोठ्या मास्तरांनी साऱ्या वारकऱ्यांना पंढरपुरात दिला होता. चाळीस वर्षे कीर्तन करून मी त्याचा उच्चार एकदाही केला नव्हता. आता गळा थकला आहे, बोलावणी बंद झाली आहेत, तेव्हा लिहितो.

ते मोठे मास्तर म्हणजे साने गुरुजी.

गुरुजींचे आयुष्य तुम्हाला साधारण ठाऊक असेल, तरी काही गोष्टी सांगणे भाग आहे. पांडुरंग सदाशिव साने. नावातच पांडुरंग. जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घरी दारिद्र्य, आई संस्कारांची. दापोलीत शिकले, औंधला गेले, तिथून पुण्यात आले. अप्पा बळवंत चौकाजवळचे नूतन मराठी विद्यालय आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. गुरुजी त्या विद्यालयातून मॅट्रिक झाले. पुढे आज ज्याला आपण स. प. महाविद्यालय म्हणतो तिथे शिकून बी. ए. झाले, एम. ए. झाले. १९१७ साली आई गेली, ती शेवटची भेट न होताच. ज्या आईची गोष्ट त्यांनी पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढली, त्या 'श्यामची आई'त या न झालेल्या भेटीचे दुःख पानोपानी आहे. त्या पुस्तकावर इथे लिहीत नाही. ते न वाचलेला मराठी माणूस सापडणे कठीण.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. अमळनेर म्हटले की वारकऱ्याला आधी सखाराम महाराजांचे संस्थान आठवते. बोरी नदीच्या काठची ती प्रतिपंढरी. त्याच गावात हा तरुण मास्तर शिकवू लागला आणि शाळेच्या छात्रालयाचे काम त्याच्याकडे आले. गुरुजींना महाराष्ट्र आजही 'गुरुजी' म्हणतो, पण हिशेब करून पाहिला तर त्यांची शाळेतली नोकरी अवघी सहा वर्षांची. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढची वीस वर्षे तुरुंग, लेखन, किसान-कामगारांची कामे. तरीही नावापुढची 'गुरुजी' ही तीन अक्षरांची नोकरी सुटली नाही. असे का झाले, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. त्यांची शाळा १९३० साली सुटलीच नसावी असे माझे मत झाले आहे.

छात्रालयात ते काय करीत हे त्यांच्या चरित्रांतून सगळीकडे आले आहे. परगावाहून आलेली, आईबापांना सोडून राहिलेली मुले. त्या वयाची मुले जशी असतात तशीच. अंथरूण तसेच टाकायचे, कपड्यांचा बोळा करायचा, केर तसाच. गुरुजी मुले शाळेत गेली की खोल्या झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत. पोर आजारी पडले तर उशाशी बसत. मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत, रोजच्या रोज. ओरडणे, छडी, दंड हा त्यांचा मार्ग नव्हता. मुलगा परत येई तो खोली लख्ख. कोणी केले हे न सांगता कळे. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतःच केरसुणी हातात घेई.

इथे थांबून थोडे चिंतन करू. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचा प्रसंग आहे. माउली तिथे इतकी रमली आहे की पुढचा विषय विसरल्यासारखे होते. शिष्याच्या मनात काय काय येते? आपणच गुरूचे घर व्हावे, दाराशी राखण करावी, पायातली पादुका व्हावे, दिवा व्हावे. गुरूला जे जे लागते ते ते आपण व्हावे. हे वाचताना आपल्याला वाटते की सेवेची दिशा एकच, खालून वर, शिष्याकडून गुरूकडे. मग अमळनेरच्या छात्रालयात जे घडत होते ते काय होते? तिथे गुरूच केरसुणी झाला, गुरूच घडी घालणारा हात झाला, गुरूच उशाशी जागणारा झाला. उपासना उलटी फिरली.

पंडित म्हणतील हे शास्त्रात बसत नाही. पण आपल्या वारकऱ्यांना यात नवल वाटू नये. आपला देवच असा आहे. जनाबाईच्या जात्याला हात लावतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरे ओढतो. पुंडलिकाने विटेवर थांब म्हटले तर थांबतो. वर असलेल्याने खाली येऊन खालच्याचे काम करायचे, ही पंढरीचीच रीत. गुरुजी कोणाच्या फडावरचे नव्हते, त्यांच्या गळ्यातल्या माळेची चौकशी मी कधी केली नाही. पण ते जे करीत होते ते मला ओळखीचे वाटते.

आणि ते स्वतः शिष्यही उत्तम होते, हे सांगायला हवे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार, अठरा अध्याय. ती उतरवून घेणारा हात गुरुजींचा. आज 'गीता प्रवचने' घरोघरी आहे. स्वतः एवढा मोठा लेखक असलेला माणूस दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घेत अठरा आठवडे बसला. शिकवणाऱ्याला शिकायची लाज नसली की असे होते.

आता पंढरपूर.

आज पंचवीस-तीस वर्षांचा वारकरी मंदिरात जातो तेव्हा त्याला कल्पनाही नसते की १९४७ पर्यंत अस्पृश्य मानलेल्या बांधवांना महाद्वारापलीकडे मज्जाव होता. त्यांचे दर्शन नामदेव पायरीशी, चोखोबांच्या समाधीपाशी संपत असे. चोखोबा स्वतः जन्मभर तिथेच थांबले. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम अंगावर कोसळून त्यांचा देह गेला, नामदेवराय तिथे गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती आणून त्यांनी महाद्वाराशी समाधी बांधली. हे शके १२६० चे, म्हणजे १३३८ सालचे. चोखोबा मेल्यावरही महाद्वाराच्या बाहेरच राहिले, आणि त्यानंतर सहाशे वर्षे आपण त्यांचे अभंग गात त्यांच्यावरून आत जात राहिलो. मीही ही कथा शेकडो वेळा लावली आहे. हाडांतून नाम निघते तिथे श्रोते रडत, मीही रडत असे. कथा तिथेच संपवत असे. १३३८ च्या पुढे माझे कीर्तन कधी गेले नाही.

गुरुजींनी ठरवले की स्वातंत्र्य येण्याआधी हे दार उघडले पाहिजे. १९४६ च्या कार्तिकीलाच उपोषणाला बसण्याचा त्यांचा विचार होता. वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी थांबवले. आधी लोकांना समजावा म्हणाले. गुरुजी थांबले. पुढचे काही महिने सेवा दलाच्या मुलांना घेऊन त्यांनी सारा महाराष्ट्र पालथा घातला. गावोगावी सभा, गाणी, विनवण्या. कित्येक गावांतली देवळे आणि पाणवठे त्या दौऱ्यात खुले झाले. पंढरीचे दार मात्र उघडेना. मग १ मे १९४७ रोजी ते पंढरपुरात उपोषणाला बसले.

बसायला जागा कोणी दिली हे आपण वारकऱ्यांनी विसरता कामा नये. तनपुरे महाराजांच्या मठाने दिली. विरोध करणारे आपल्यातले होते तसे जागा देणारेही आपल्यातलेच होते. गाडगेबाबांनी कितीतरी आधी त्याच पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती, हेही याच हिशेबात धरायला हवे. खुद्द महात्माजींनी उपोषण सोडण्यास कळवले, तरी गुरुजींनी नम्रपणे नकार दिला. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले. बडवे मंडळींनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य केले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

यावर पूर्वपक्ष मोठा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी लहानपणी तो घरातच ऐकत वाढलो.

पूर्वपक्ष असा. कोणाच्या दारात मरणाची धमकी देऊन बसणे हा धर्म कसा? जुन्या काळी सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. स्वतः जेवायचा नाही, त्याला जेवू द्यायचा नाही. ब्रह्महत्येचे पाप नको म्हणून ऋणको कसेतरी पैसे आणून देई. त्यात ऋणकोचे मन पालटत नसे, फक्त गाठोडे सुटत असे. गुरुजींनी बडव्यांच्या दारात धरणेच धरले की नाही?

यातल्या अर्ध्या भागाला उत्तर देता येते. धरणेकरी स्वतःचे येणे वसूल करायला बसतो. गुरुजी जातीने ब्राह्मण. त्यांच्यासाठी ते दार जन्मापासून उघडे होते. त्यांचे काहीच येणे नव्हते. दुसऱ्याचे देणे थकले होते, ते आपल्या देहातून फेडायला ते बसले. आणि छात्रालय आठवा. मुलाने जे करायचे राहिले ते त्याच्यावर न ओरडता आपण करायचे आणि त्याला ते दिसू द्यायचे. अमळनेरच्या खोल्यांतही हेच होते. तिथे केरसुणी हातात घेतली, इथे अन्न सोडले. दोन्हीकडे चूक दुसऱ्याची आणि कष्ट मास्तरांचे. पुढे १९४८ साली गांधीजींची हत्या झाली तेव्हाही मारेकरी महाराष्ट्राचा म्हणून गुरुजींनीच प्रायश्चित्ताचे एकवीस दिवसांचे उपोषण केले. राजकारणातला डाव म्हणून याकडे पाहणाऱ्यांनी त्यांची छात्रालयातली सहा वर्षे पाहिलेली नसतात.

उरलेल्या अर्ध्या भागाला मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही. छात्रालयातली मुले गुरुजींना ओळखत होती, त्यांच्यावर त्यांचा जीव होता. गुरुजींनी आपला केर काढला म्हणून त्यांना लाज वाटे ती त्या जीव जडल्यामुळे. ज्यांचा गुरुजींवर जीव नव्हता, ज्यांनी त्यांना पाहिलेलेही नव्हते, त्यांना उपोषण हा धडा कसा वाटावा? त्यांना तो दाबच वाटला असणार. उपोषणाआधी गावोगाव हिंडून गुरुजी बहुधा हेच करीत होते, सगळ्या महाराष्ट्राचे छात्रालय करू पाहत होते. पण महाराष्ट्र फार मोठा, महिने थोडे. जी घरे राहून गेली त्यांत आमचेही एक.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या एका दिंडीत वीणेकरी होते. आमचे घर भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या हाकेच्या अंतरावर. ज्येष्ठात पालख्या पुण्यात आल्या की आमच्या घरात दोन दिवस पाऊल ठेवायला जागा नसायची. आबा अत्यंत कर्मठ. १९४७ नंतर ते मंदिरात गेले नाहीत. देवाचे तेज मंत्रांनी काढून घागरीत ठेवले आहे, आत नुसती शिळा उरली आहे, अशी गोष्ट तेव्हा जुनी माणसे सांगत. आबांनी ती मानली होती. वारी चुकवली नाही. पायी जायचे, चंद्रभागेचे स्नान करायचे, नगरप्रदक्षिणा करायची, महाद्वारात उभे राहून कळसाला हात जोडायचे आणि परतायचे. आपल्यात कळसाच्या दर्शनानेही वारी रुजू होते, त्यामुळे बाहेर कोणाला खटकले नाही. घरात आम्हाला ठाऊक होते.

माझा जन्म १९५० चा. त्याच साली ११ जूनला गुरुजींनी आपणहून देह ठेवला. त्या मरणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. इतकेच वाटते की जो माणूस सगळ्यांचे अंगावर घेतो, त्याच्या अंगावरचे घ्यायला कोणीतरी जवळ असायला हवे होते.

आता माझ्या मास्तरांकडे येतो. आम्हाला नववीला मराठी शिकवायला एक सर होते. खानदेशातले, साधे धोतर, खांद्याला कापडी पिशवी. गुरुजींचे नाव निघाले की त्यांचा घसा दाटायचा, म्हणून मुले मुद्दाम नाव काढायची. तास बुडतो म्हणून. सर ते ओळखून होते तरी दर वेळी सांगायचे. सरांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना आपले नाव छापलेले आवडले नसते.

१९६४ सालची गोष्ट. शाळेत मुलांची दिंडी निघाली. वीणेकऱ्याचा नातू म्हणून वीणा माझ्या गळ्यात. पटांगणात रिंगण झाले, भजन झाले. शेवटी आपल्या रीतीप्रमाणे एकेक जण वीणेकऱ्याच्या पाया पडू लागला आणि मीही वाकून प्रत्येकाच्या पाया पडत होतो. त्यात वर्गातला एक मुलगा आला. टाळ फार सुरेख धरायचा. तो पलीकडच्या वस्तीतून यायचा. त्याची जात सगळ्यांना ठाऊक होती, जशी ती तेव्हा ठाऊक असायची. तो माझ्या पायांवर डोके ठेवून उठला. आता मी वाकायचे. मी वाकलो नाही. वीणेवर हात ठेवून अर्धे पाऊल मागे सरलो. ठरवून केले असे नाही, पाऊलच मागे गेले. तो टोपी सारखी करीत तसाच उभा राहिला. रांग थांबली.

सर मागे उभे होते. ते पुढे आले, वहाणा काढल्या, आणि त्या चौदा वर्षांच्या पोराच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. पन्नाशीचा माणूस. घाईने नव्हे, चांगला श्वासभर वेळ. मग उठले, वहाणा घातल्या आणि वर्गात निघून गेले. पुढचा तास त्यांचाच होता. त्या तासाला त्यांनी समास शिकवला. माझ्याकडे वेगळे पाहिले नाही, वर्ष संपेपर्यंत त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

इथे मी लिहायला हवे की मला तेव्हा पश्चात्ताप झाला. झाला नाही. मला राग आला, सगळ्या शाळेसमोर सरांनी माझी शोभा केली म्हणून. त्या रागात मी घरी येऊन आबांना सांगितले, आणि खात्री होती की आबा माझी पाठ थोपटतील. आबा जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "वीणा गळ्यात होती ना तुझ्या? वीणेकऱ्यानं मागं सरायचं नसतं. समोर कोण आहे ते बघायचं काम त्याचं नव्हं." आणि पुन्हा जेवू लागले. जो माणूस सतरा वर्षे देवळात गेला नव्हता, तो मला हे सांगत होता. मला दोन्हींचा मेळ घालता येईना. आजही पुरता येत नाही.

माझा राग बरीच वर्षे टिकला. लाज आधी रागाचे कपडे घालून येते हे मला पुढे कळले, आणि तेव्हा सर हयात नव्हते. त्या मुलाला मी शाळा सुटल्यावर पुन्हा भेटलो नाही. शोधला असता तर सापडला असता. पुणे तेव्हा एवढे मोठे नव्हते. मी शोधले नाही. मी वाकायचे होते ते सरांनी करून टाकले, आणि ते झाले असे मी धरून बसलो. मास्तर दुसऱ्याचे काम अंगावर घेतो यात हा धोका आहेच. छात्रालयातही एखादा मुलगा असेल, ज्याला गुरुजींनी खोली झाडली की बरेच वाटत असेल, आयतीच झाडून मिळते म्हणून.

पुढे मी कीर्तनकार झालो. आपल्या संप्रदायाने मास्तरांना कधी परके मानलेले नाही. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, म्हणजे शाळाच काढली. सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत आणि आपल्यात मामा म्हणून उभे राहत. त्यांचे दोन्ही धर्म एकमेकांच्या आड आले नाहीत. तेव्हा शाळामास्तरांची गोष्ट कीर्तनात सांगायला मला अडचण काय होती? अडचण अशी, की सप्ताहाच्या पत्रिकेवरचे माझे नाव जपायचे होते. मोठ्या फडावरची जुनी मंडळी समोर बसलेली. १९४७ चा उल्लेख केला तर कोणाच्या तरी कपाळाला आठी पडेल, पुढच्या वर्षी बोलावणे येणार नाही. मला कोणी मनाई केली नव्हती. मीच मागे सरत होतो, वीणेवर हात ठेवून, तेच अर्धे पाऊल.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता मला वेगळे द्यावेसे वाटते. शाळेतल्या सरांना गुरू म्हणायचे की नाही ते त्यांच्या नेमणुकीवर किंवा त्यांनी माळ घातली की नाही यावर ठरवू नये. तू चुकलास तेव्हा त्यांनी काय केले ते पाहा. चूक तुझ्या अंगावर फेकली, की तुझ्या देखत स्वतःच्या अंगावर घेतली? दुसरे केले असेल तर पाया पड आणि गुरू म्हण. आणि मग तुझे राहिलेले काम तू कर. ते झाले असे समजू नकोस. हे उत्तर त्याला पोचवायला आता तो कुठे असेल कोण जाणे. निदान हा अंक त्याच्या घरी जावो.

आबांविषयी एक सांगायचे राहिले. गुरुजींचा उपवास दहा दिवसांचा होता. आबांनी विठ्ठलाच्या मुखाचा उपवास बावीस वर्षे केला. त्यांना चुकीचे वाटलेल्या गोष्टीसाठी त्यांनी स्वतःचे सर्वात प्रिय सोडले होते, दुसऱ्याचे काही काढून घेतले नव्हते. म्हणून मला त्यांना हसता येत नाही. महाद्वारात ते नेहमी एकाच जागी उभे राहत, नामदेव पायरीच्या बाजूला, चोखोबांच्या समाधीशेजारी. सहाशे वर्षे ज्यांना तिथे थांबवले त्यांच्याच जागेवर माझे आबा आपणहून जाऊन थांबले होते, आणि हे त्यांच्या कधी ध्यानात आले का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

१९६९ ची आषाढी ही त्यांची शेवटची. मी एकोणीस वर्षांचा, त्यांना सांभाळायला बरोबर. एकादशीला रांगेत शिरणे शक्यच नव्हते. द्वादशीच्या रात्री मी आबांना न सांगता रांगेत लागलो, पहाटे आत पोचलो, दोन्ही हात देवाच्या पायांना लावले आणि बाहेर आलो. आबा पायरीशी बसले होते, वीणा मांडीवर. माझ्या कपाळाचा बुक्का त्यांनी पाहिला. रागावतील म्हणून मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आत गर्दी होती का रं?"

"होती, आबा."

"चेहरा तसाच हाय?"

"तसाच आहे, आबा."

त्यांनी माझे दोन्ही हात धरून जवळ ओढले, तळवे आपल्या डोळ्यांना लावले, आणि बराच वेळ तसेच धरून बसले. मग वीणा गळ्यात अडकवली आणि उठायला माझा खांदा मागितला.